खारा बर्फ

मामा बर्फ चाखायचे. हलवायाने पाकाची तार बघावी तसे रोज सकाळी यंत्रातून पडलेला पहिला चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "जरा अळणी झालाय." नाहीतर, "आज हात जड पडला. लई खारट." बर्फ अळणी असतो की खारट, हा प्रश्न माझ्या डोक्यात जन्मात कधी आला नव्हता. पण पार्सल क्लार्क म्हणून माझी पुणतांब्याला बदली झाली, आणि पहिल्याच आठवड्यात या गृहस्थांनी माझ्या तळहातावर बर्फ ठेवून विचारलं, "पार्सलबाबू, खरं सांगा. मीठ कमी हाय का?"

मी म्हटलं, "मला तर थंड लागतोय."

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की यापुढे आपल्याला कोणी शहाणं म्हणणार नाही अशी माझी खात्री झाली.

त्यांचं नाव इथे सांगत नाही. गावात तरी ते किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. सगळे त्यांना मामा म्हणत. मालधक्क्याच्या मागे त्यांचा बर्फाचा लहानसा कारखाना होता, आणि एका कोपऱ्यात पडदा लावून तिथेच संसार. संसार म्हणजे एक खाट, एक स्टो आणि भिंतीवर विठोबा. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. मूळ गाव खर्डा. तिथली कोरडवाहू जमीन भावांवर सोडून ते मुंबईला गेले आणि धक्क्याजवळच्या एका मासळीच्या कारखान्यात बर्फाच्या यंत्रावर लागले. तिथे कोळंबी सोलून, धुऊन, गोठवून परदेशी जायची. उमेदीची सगळी वर्षं त्या गारठ्यात घालवून ते फंडाचे पैसे घेऊन परत आले, पण खर्ड्याला गेले नाहीत. त्यांना नदी आणि रेल्वे दोन्ही असलेलं गाव पाहिजे होतं. मासा नदीतून निघावा, बर्फात बसावा आणि गाडीत चढावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आणि हा माणूस माळकरी! गळ्यात तुळशीची माळ आणि हाताला माशाचा वास, असा दुसरा इसम मी पाहिलेला नाही. मी एकदा न राहवून विचारलंच, "मामा, खात नाही तर मग माशाची एवढी काळजी कशाला?"

"खात न्हाई म्हनून नासू द्यायचा का?" ते म्हणाले. "माझी म्हातारी एकादशी धरायची. म्हनून घरातला सैपाक करपू देत हुती का ती?"

मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून ते प्लॅटफॉर्मवर फिरायचे. यंत्राच्या खोलीतून उन्हात आणि उन्हातून पुन्हा खोलीत जाताना टोपी काढायचा कंटाळा, हे खरं कारण. पण गाडीतले उतारू खिडकीतून बघून हसायचे आणि मामांना वाटायचं, ते ओळखीने हसताहेत. तेही हात हलवायचे. गाव त्यांच्या बर्फावर सरबतं प्यायचं. ते स्वतः मात्र गार पाण्याचा घोट घेत नसत, घसा धरतो म्हणून. दिवसभर चहा, तोही ओठ भाजेल असा.

पोट त्यांचं चालायचं ते लादीच्या बर्फावर. दूधवाले, सोडावाले, लग्नाची कार्यं. लाद्या पाडायचं काम ते उरकून टाकायचे, सासूचं काम सून उरकते तसं. जीव होता तो दुसऱ्या यंत्रात. एक आडवं लोखंडी पिंप. आतून गारठवणाऱ्या क्षाराचं कडू पाणी फिरायचं, बाहेरून मिठाच्या पाण्याची पातळ धार पडायची. पिंप सावकाश फिरत राहायचं, धार त्याच्या अंगावरच गोठायची आणि पुढे बसवलेलं पातं ती खरवडून काढायचं. खाली घमेल्यात पडायचे ते बर्फाचे पापुद्रे, जाड पोह्यांसारखे. मामा त्यांना पोहेच म्हणत. मुंबईला असली यंत्रं परदेशातून यायची. मामांनी हे भंगार गोळा करून, लोहाराच्या डोक्यावर बसून इथेच उभं केलं होतं. मीठ लोखंड खातं, म्हणून पिंपाला चक्क कल्हई! दर थोड्या दिवसांनी यंत्र बंद व्हायचं, कल्हईवाला भाता घेऊन यायचा, नवसागराचा धूर आमच्या ऑफिसात शिरायचा आणि पिंप लग्नघरच्या पातेल्यासारखं चकचकीत व्हायचं.

"लादी फोडली की तिला कोपरं येत्यात," ते मला समजावत. "कोपरा माशाच्या अंगात घुसतो. साल गेली की थितनं सडाय सुरू. आन् साध्या बर्फाचा चुरा घंट्याभरात चिकटून दगड हुतो. माझं पोहं बघा. मीठ असल्यानं मोकळं ऱ्हातंय, कल्ल्यात जातंय, पोटात जातंय, आन् लादीपरीस गार. माशावर पांघरून टाकायचं असतंय हो, दगडं न्हाई मारायची."

हे पोहे एकदाच गावभर गाजले, तेही भलत्याच कारणाने. जत्रेत गोळेवाल्याला बर्फ खिसायचा कंटाळा आला. मामांच्या मागच्या दाराशी आयता खिसलेला बर्फ दिसतोय म्हटल्यावर त्याने घमेलंभर उचलून नेला. वर लाल सरबत टाकलं आणि धडाधड गोळे विकले. पोरं चोखायची आणि तोंड वाकडं करून थुंकायची. काष्टीहून कुस्तीला आलेल्या एका पैलवानाने मात्र दोन संपवले. "ताकाचा गोळा दिसतोय. बरा हाय," म्हणाला. शेवटी लोकांनी गोळेवाल्याला मानगुटीला धरून मामांपुढे आणलं. आता मामा त्याला चोरीबद्दल फैलावर घेणार म्हणून आम्ही सरसावून उभे राहिलो. मामांनी विचारलं, "काय रं, मीठ समद्या गोळ्यात सारखंच लागलं का? का कुठं कमी, कुठं जास्त?"

गोळेवाला म्हणाला, "सारखंच."

मामा दिवसभर खुशीत होते.

पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच तो नको होता. भोईवाड्याची कारभारीण गिरजाबाई. काळी, उंच, आवाज नदीपलीकडे पोचणारा. नवऱ्यामागे मुलं, दीर, पुतणे असा सगळा गोतावळा आणि जाळी तिच्याच शब्दावर चालत. सकाळी ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कारखान्यावरून जायची. मामा घमेलं घेऊन आडवे यायचे. "फुकट घे गं. वर नुसता बोटभर थर टाक."

"माजा मासा काय मुडदा हाय व्हय, बर्फावर ठिवायला?"

हा कार्यक्रम रोजचा. मामा उजवीकडून आले की पाटी डावीकडे, डावीकडून आले की उजवीकडे. आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. आपल्याकडचं गिऱ्हाईक असं, की मासा बर्फात दिसला म्हणजे तो शिळाच. जो फडफडतो तो ताजा, बाकी सगळं कालचं. बर्फ लावला असता तर तिचा मासा बाजारात कोणी हातात धरला नसता. मग दुपारपर्यंत खपेल तेवढं खपायचं, उरलेलं संध्याकाळी वाटून टाकायचं किंवा वाळत घालायचं, हीच तिच्या सासूपासूनची रीत. मामांच्या खाऱ्या बर्फाचं गिऱ्हाईक म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा एक मासळीचा ठेकेदार, तोही मधूनच एखादी पेटी मुंबईला पाठवणारा.

त्या पेटीवरून माझी आणि मामांची जुंपायची. खारं पाणी डब्याच्या पत्र्याला गंज आणतं, म्हणून गळकं पार्सल घ्यायचं नाही असा आमचा नियम. मी पेटी परत करायचो, ते हुज्जत घालायचे, "एवढी मोठी रेल्वे, थेंबाला भिती?" शेवटी त्यांनी वाण्यांकडून चहाच्या रिकाम्या पेट्या मिळवल्या, आतून चंदेरी कागद लावलेल्या. कोपऱ्यांत डांबर ओतलं. पेटीत पाणी भरून, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरून मला म्हणाले, "बसा. कागद ओला झाला तर मी बर्फ सोडून कीर्तन करीन." कागद कोरडा राहिला. गाव एका वाईट कीर्तनकारातून वाचलं.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला आणि पुढचा उन्हाळा आला. त्या दिवसांबद्दल ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नदीत वाळूच वाळू. अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं, पोरं सरकारी सुकडीच्या रांगेत. मामांच्या कारखान्याला एक गोड्या पाण्याची विहीर होती. पंचायत त्या विहिरीचा विषय काढणार, असं कळताच मामा स्वतःच सरपंचांकडे गेले आणि रहाट-दोरासकट विहीर गावाच्या हवाली करून आले. "तहानेल्या गावात लादी पाडायची म्हंजे पाप हाय," म्हणाले. यंत्रं बंद पडली. मामा माझ्या ऑफिसातल्या बाकावर येऊन बसायला लागले. इतके दिवस मला त्यांच्या बडबडीचा जाच वाटायचा. आता ते गप्प बसायचे, तर मला काम सुचेना.

आणि एक दिवस गिरजाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी नव्हती.

"मामा, डोह बसला," ती म्हणाली.

घाटाखालचा मोठा डोह भोयांनी हिवाळाभर हात न लावता राखला होता. उन्हाळा त्यावर काढायचा असा विचार. आता त्याचं तळं झालं होतं आणि तळ्याचं डबकं होत होतं.

"मासं वर तोंड काढून फिरत्यात. चार दिस काढत्याल, मग मरत्याल. समदं एकदम काढाय पायजे. पन हितं घेनार कोन? हितं मान्साला भाकर न्हाई." तिने रुळांकडे हात केला. "मुंबईला पोचलं, तर पावसापतोर आमी समदी हितंच ऱ्हातो. न्हाई पोचलं, तर पोरं मुलूख सोडून खडीला जायाची. गेलेली पोरं माघारी येत्यात व्हय, मामा?"

मामा बाकावर पुढे सरकले.

"तुमचं ते पोहं द्या," गिरजाबाई म्हणाली. एवढं म्हणायला तिला किती जड गेलं असेल, ते तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

"गोडं पानी कुठनं आनू?" मामा म्हणाले. आणि म्हणता म्हणता उठून उभेच राहिले.

स्टेशनच्या मागे चोपणाच्या खारवट जमिनीत एक खारी विहीर होती. तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, गुरं तोंड लावून मागे सरत. दुष्काळातही तिला कोणी विचारत नव्हतं. मामांनी बादलीभर पाणी काढलं, ओंजळ तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "अर्धं काम देवानंच करून ठिवलंय," म्हणाले. "ब्लीचिंग पावडर टाकून गाळून घिऊ. उरल्यालं मीठ मी घालतो."

मला एक दिसत होतं, ते मी बोललो. "मामा, त्या पिंपाचं काय? हे पाणी नुसतं खारट नाही, त्यात सोडा आहे. कल्हई टिकेल का?"

"न्हाई टिकायची."

कल्हईवाला दुष्काळात गाव सोडून कधीच गेला होता. पावसाळ्यानंतर मुंबईहून मामांचे जुने इंजिनिअर साहेब ते यंत्र बघायला यायचे होते. त्यांच्या पसंतीस उतरलं, तर धरणाधरणावर अशी यंत्रं बसवायची, नदीचा मासा समुद्राच्या माशासारखा बाजारात न्यायचा, हे मामांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला पाठ झालं होतं. त्या एका दिवसासाठी हा माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल. मी तसं म्हणालोही.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "पन साहेब थांबत्याल. मासा थांबतोय का?"

यंत्राची घरघर सुरू झाली, तसा दुष्काळात तेरावा महिना उपटला. मामा गोडं पाणी चोरून बर्फ करतात अशी आवई उठली. सरपंच चाळीसेक माणसं घेऊन आले. चेहरे असे, की आता काही खरं नाही. मामांनी वाद घातला नाही. घमेलं पुढे केलं. "चाखा."

सरपंचांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि धोतर सांभाळत बाजूला जाऊन थुंकले. "व्हय. खारंच हाय."

पण मागच्यांचा सरपंचांवर तरी कुठे भरवसा? एकेक जण पुढे येऊन चाखू लागला. चाखायचा, तोंड वाकडं करायचा, थुंकायचा आणि मान हलवायचा. एक आजोबा दोनदा रांगेत आले, त्यांना गारवा आवडला होता. सगळं गाव अशी थुंकून साक्ष देऊन गेलं. मामा मात्र प्रत्येकाला विचारत होते, "मीठ बरोबर हाय ना?"

मग मासा आला. भोयांनी डोह उपसून काढला. मरळ, रोहू, वांब, ओंजळीओंजळीने झिंगे. मालधक्क्यावर बाया कोयते घेऊन बसल्या. पोट साफ करायचं, गार खाऱ्या पाण्यात धुवायचं आणि पेटीत एक थर पोहे, एक थर मासा, पुन्हा पोहे. गिरजाबाई आयुष्यात पहिल्यांदा माशावर बर्फ टाकत होती. पहिला थर तिने दगड टाकल्यासारखा टाकला. मामा ओरडले, "पांघरून टाक गं, पांघरून! लेकराला घालतीस तसं!" पुढचा थर हलक्या हाताने पडला.

रात्र नाही, दिवस नाही, पिंप फिरतच होतं. दुसऱ्या दिवशी कल्हईचे पोपडे निघाले. मग काळं लोखंड दिसायला लागलं, मग त्यावर खड्डे. पातं अडकायचं. मामा ते कानशीने घासायचे आणि पुन्हा लावायचे. दर वेळी घमेलं भरलं की चाखायचे. मी जेवायला बोलवायला गेलो, तर हात पिंपावर ठेवून उभे होते, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

शेवटच्या दोन पेट्या राहिल्या तेव्हा मामांनी एक चिमूट तोंडात टाकली आणि झटकन थुंकली. मला वाटलं मीठ जास्त झालं.

"कडू," ते म्हणाले. "आतलं पानी भाईर आलं. भोक पडलं पिंपाला." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी यंत्र बंद केलं. ते कडू घमेलं बाहेर नेऊन मातीत उपडं केलं. भोयांची पोरं म्हणाली, वरवर टाकू, कोणाला कळतंय. मामा एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "खानाऱ्याला कळतंय!" म्हणाले. मग आधी भरलेल्या पेट्यांतून थोडे थोडे पोहे काढून त्यांनी त्या दोन पेट्या भरल्या. मी प्रत्येक पेटीखाली कागद धरून बघितला. सगळे कोरडे निघाले. पेट्या मनमाडच्या गाडीला लागल्या. गाडी दिसेनाशी झाली तरी गिरजाबाई प्लॅटफॉर्मवरून हलली नाही. तिचं पुढचं सगळं त्या डब्यात होतं.

मुंबईच्या पार्सल ऑफिसात माझा एक जुना सहकारी होता. माल उतरला की कळव, असं त्याला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप रेल्वेच्या फोनवरून आला आणि मी पार्सलखोलीची किल्ली गळ्यात तशीच लटकत ठेवून पळत सुटलो.

भोईवाडा लांब होता, म्हणून एका पोराला तिकडे पिटाळलं आणि मी कारखान्यात शिरलो. मामांनी पिंप उतरवून खाली ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर बसले होते. छिद्र एक नव्हतं, चाळणच झाली होती.

"मामा, पोचला! एक मासा खराब नाही. हातोहात गेला. आणि दलालाने झिंग्यांची पेटी उघडून काय विचारलं माहितीये? विचारलं, हा माल कुठल्या बंदराचा?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. "परत सांगा."

"कुठल्या बंदराचा, म्हणाला."

"मग तुमच्या मान्सानं काय सांगितलं?"

"पुणतांब्याचा म्हणून सांगितलं. तर तो म्हणतो, हे बंदर कोकणात कुठे आलं?"

मामा हसायला लागले. गुडघ्यावर थापा मारून हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. मी काय करणार? ते साहेब पुढे कधी आले नाहीत, आले असते तरी त्यांना दाखवायला काही उरलं नव्हतं.

एवढ्यात गिरजाबाई आली. डोक्यावर पाटी होती, वर फडकं. आत आली आणि आधी पिंपाकडे बघितलं.

"गेलं व्हय?"

"गेलं," मामा म्हणाले.

तिने पाटी खाली ठेवली, फडकं काढलं. आत पिठलं-भाकरी होती. आमच्याकडे ज्या घरात मयत होतं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेच चार घास खायला लावतात. त्या दिवसांत भोईवाड्यात पीठ कुठून आलं असेल, ते मी विचारलं नाही.

"अगं," मामा म्हणाले, "लोखंड हुतं ते."

"माजी समदी पोरं हितं राखली त्यानं," गिरजाबाई म्हणाली. "लोखंड म्हनू नगा." आणि पदर सावरून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, ते खाईपर्यंत उठायचं नाही अशी.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि भाकरी मोडली.